राजघराण्यातल्या लहान मुलांची जुनी पोर्ट्रेट्स कशी बघायची

युरोप टूरवर म्युझियममध्ये शिरलं की फुगलेल्या झग्यातली एखादी राजकन्या दिसते, आपण "किती गोड" म्हणतो, फोटो काढतो आणि पुढे सरकतो. तसं करू नका, दहा मिनिटं द्या. उदाहरणाला व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम घेऊ, तिथे स्पेनचा दरबारी चित्रकार वेलाझ्केझ याने काढलेली स्पेनची राजकन्या मार्गारिता तीन चित्रांत आहे, गुलाबी, पांढऱ्या आणि निळ्या झग्यात. जाणं होत नसेल तर नेटवर मोठ्या साइजमध्ये मिळतात, मोबाइलवर झूम करून बघा.

चेहरा नंतर बघा. आधी विचारायचं की चित्र काढलं माद्रिदमध्ये, मग ते व्हिएन्नात काय करतंय? तर हे चक्क स्थळाला पाठवलेले फोटो आहेत. मार्गारिताचं लग्न लहानपणीच व्हिएन्नाच्या राजघराण्यातल्या, पुढे सम्राट झालेल्या लिओपोल्डशी ठरवत आणलं होतं, मग पोरगी कशी वाढतेय, तब्येत कशी आहे हे तिकडच्यांना कळायला नको का? म्हणून दर काही वर्षांनी एक चित्र रवाना.

दुसरं काम म्हणजे कागद घेऊन नाती मांडायची, हे सगळ्यात मजेशीर आणि सगळ्यात भयंकर. लिओपोल्ड हा मार्गारिताचा सख्खा मामा. आणि तिचे वडील चौथा फिलिप हे तिच्या आईचे, मारियानाचे, सख्खे मामा! म्हणजे आईने मामाशी लग्न केलं आणि लेकीनेही. त्यात मारियानाचं आधी फिलिपच्या मुलाशीच, बाल्तासार कार्लोसशी ठरलं होतं, तो १६४६ मध्ये सोळाव्या वर्षी गेला, मग १६४९ मध्ये बापानेच तिच्याशी लग्न केलं. हे एकदा कागदावर आलं की चित्रातल्या पोरीकडे बघायची नजरच बदलते.

मग वजाबाकी. जन्म १६५१, निळ्या झग्यातलं चित्र १६५९ चं, म्हणजे वय आठ. लग्न १६६६ मध्ये, आणि १६७३ मध्ये एकविसाव्या वर्षी मृत्यू, तोवर चार बाळंतपणं झालेली आणि जगली एकच मुलगी. चित्राशेजारच्या पाटीवर हे सगळं मिळेलच असं नाही, त्यामुळे सन आधीच शोधून जा.

आता जवळ जा, गार्ड ओरडणार नाही एवढंच. निळ्या झग्यावरचं चंदेरी काम जवळून बघितलं तर नुसते फटकारे आहेत, ओढलेले, पुसटलेले, कुठे कुठे तर रंग नुसता टेकवलाय, आणि चार पावलं मागे आलात की तेच रेशीम होतं. मोबाइलवरही हे करून बघा, पूर्ण झूम आणि मग हळूहळू बाहेर. माझ्या मते चेहऱ्यापेक्षा यात जास्त जादू आहे, कारण दरबारी शिस्तीने चेहऱ्यावर काही भावच सोडलेला नाही.

याच म्युझियममध्ये तिचा धाकटा भाऊ फेलिपे प्रोस्पेरो आहे, तो अजिबात चुकवू नका. चित्र १६५९ चंच, निळ्या झग्यातल्या ताईबरोबरच व्हिएन्नाला धाडलेलं. पोरगं दोन वर्षांचं, अंगावर पांढरा पातळ एप्रन, आणि त्यावर दोऱ्यांनी लटकवलेली छोटी घंटा नि ताईत, दृष्ट लागू नये, आजार फिरकू नये म्हणून. हाच गादीचा वारस होता ना. एक हात छोट्या लाल खुर्चीवर, खुर्चीत पांढरं कुत्रं हनुवटी टेकवून पडलंय, आणि खरं सांगू का, अख्ख्या चित्रात निवांत तेवढं कुत्रंच आहे. १ नोव्हेंबर १६६१ ला पोरगा गेला, पाचच दिवसांनी पुढचा भाऊ कार्लोस जन्मला, तोही १७०० मध्ये निपुत्रिक वारला आणि स्पेनमधलं हे घराणं तिथेच संपलं.

शेवटची गोष्ट, नाव बघून लगेच खूश होऊ नका. राजेलोकांची पोर्ट्रेट्स नातेवाइकांना वाटायला कॉपी व्हायचीच. बुडापेस्टमध्ये मार्गारिता हिरव्या झग्यात दिसते, ती या निळ्या चित्रावरून वेलाझ्केझचा जावई माझो याने केलेली मानतात. माद्रिदच्या प्रादो म्युझियममधलं गुलाबी झग्याचं मोठं चित्रही बरीच वर्षं सासऱ्याच्या नावावर होतं, आता ते जावयाचं धरतात. म्हणून पाटीवर 'यांच्या कार्यशाळेतून' किंवा 'यांचे मानले जाते' असं काही लिहिलंय का ते आधी बघायचं, आणि दोन्ही चित्रं मोबाइलवर शेजारी ठेवून झग्याची काठापट्टी ताडून बघायची, चेहऱ्यापेक्षा तिथे फरक पटकन सापडतो.