ब्रॅकी आणि केमो दोन्ही चालू असताना काय तयारी ठेवायची

ब्रॅकीथेरपी (ब्रॅकी) म्हणजे आतून दिलेला शेक, म्हणजेच रेडिएशन. सोर्स, म्हणजे किरण सोडणारा बारीक तुकडा, थेट गाठीत किंवा तिला अगदी लागून नेतात, म्हणून गाठीला जबर डोस बसतो आणि शेजारचे अवयव बऱ्यापैकी वाचतात. मग केमो कशाला, असं सगळेच विचारतात. तर सिसप्लॅटिनसारखं केमोचं औषध कॅन्सरच्या पेशींना रेडिएशनने झालेली मोडतोड दुरुस्त करू देत नाही, शेक जास्त लागू पडतो. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये १९९९ पासून हीच पद्धत रुळली आहे, तिचंच उदाहरण घेऊन सांगते.

साधारण पाच आठवडे बाहेरून शेक, त्याच काळात आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन, आणि शेवटाकडे ब्रॅकीच्या काही सिटिंग. हे सगळं मिळून ८ आठवड्यांच्या आत संपायला हवं, आणि माझ्या मते घरच्यांनी सगळ्यात जास्त जपायची गोष्ट हीच, कारण मधे खंड पडला की उरलेल्या पेशी परत वाढायला लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून सगळ्या तारखा लिहून घ्या. ब्रॅकीच्या दिवशी शक्यतो केमो देत नाहीत, तेही तेव्हाच विचारून ठेवा.

प्रत्येक केमोच्या आधी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) लागतं. रक्त आदल्या दिवशीच द्या, नाहीतर रिपोर्टपायी डोस पुढे जातो. सिसप्लॅटिन किडनीवर ताण आणतं, त्यामुळे सलाईन लावतातच पण घरीही पाणी भरपूर प्यायचं, आणि अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनाने अजिबात घ्यायचं नाही.

ब्रॅकीच्या दिवशी उपाशीपोटी जायचं. भूल देऊन अप्लिकेटर (सोर्स आत नेण्यासाठीचं नळीसारखं साधन) बसवतात, मग सीटी किंवा एमआरआय, मग प्लॅनिंग, म्हणजे डोसची आखणी, आणि यात काही तास जातात, तेवढा वेळ न हलता पडून राहायचं, खरा त्रास हाच. कंबर भरून येते, दुखत असेल तर सोसू नका, लगेच सांगा, औषध देतात. प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचाच असतो. मशीन नळीतून इरिडियम-१९२ चा बारीकसा सोर्स आत पाठवतं. खोलीत पेशंट एकटा असतो पण कॅमेरा आणि माईक चालू असतो, हे आधी सांगितलं की भीती निम्मी होते. नंतर सोर्स मशीनमध्ये परत जातो, अंगात काही उरत नाही, लहान मुलांना खुशाल जवळ घ्या. कायमच्या सीड्स (अंगातच ठेवलेले किरण सोडणारे बारीक दाणे) बसवल्या असतील तर मात्र नियम वेगळे, ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

ताप १००.४ च्या वर गेला, रक्तस्राव वाढला, लघवी कमी झाली किंवा कानात आवाज यायला लागला तर सकाळची वाट न बघता फोन करायचा.

ट्रीटमेंट संपल्यावर योनीमार्ग आखडू नये म्हणून डायलेटर (योनीमार्गात घालायची गुळगुळीत कांडी) वापरायला सांगतात. संकोचापायी कित्येकजणी हे विचारतच नाहीत. तुम्ही विचारा, कधीपासून आणि कसं वापरायचं ते नर्सकडून शिकूनच घरी या.