मंडळीत नव्याने येणाऱ्यांचे स्वागत : हे काम नुकतेच हाती घेतलेल्यांसाठी

मंडळीचा, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायाचा, कारभार पाहणाऱ्या पाळकीय समितीची निवड झाली की कामांची वाटणी होते. हिशेब, इमारत आणि कबरस्तान ही कामे ज्येष्ठांकडे जातात आणि ‘स्वागत व सुवार्ताकार्य’ (ख्रिस्ताचा संदेश इतरांपर्यंत नेण्याचे काम) हे शेवटी उरलेले काम समितीतल्या सर्वांत तरुण सभासदाकडे, त्यातही एखादी स्त्री निवडून आली असेल तर तिच्याकडे, चहाच्या कामासह सोपवले जाते. माझ्याकडे ते याच रीतीने आले. आज इतक्या काळानंतरही रविवारी सकाळी अनोळखी माणूस फाटकातून आत येताना दिसला की मला अवघडल्यासारखे होते, आणि तुम्हालाही तसे होत असेल तर त्यात तुमचे काही चुकते आहे असे समजू नका. उपासनेचा क्रम, सण, समितीचे नियम हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे असे गृहीत धरून मी येथे लिहीत आहे.

सोलापूरच्या मंडळीत नवीन माणूस कोठून येतो, हे आधी नीट पाहावे. मध्य रेल्वेच्या विभागाचे हे मुख्यालय असल्यामुळे बदलीवर आलेली कुटुंबे येतात, फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पातून केरळ, ओडिशा, झारखंडकडची माणसे येतात, नर्सिंगच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी येतात. शहराच्या पूर्व भागातून घरी तेलुगू बोलणारे आणि अक्कलकोट-विजापूरकडून आलेले कन्नड बोलणारे लोक येतात. या सर्वांचे स्वागत तुलनेने सोपे आहे, कारण त्यांना चर्च ही जागा ओळखीची असते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या संस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यामुळे अँग्लिकन रीतीत वाढलेला आणि बॅप्टिस्ट घरात वाढलेला असे दोघेही एकाच बाकावर बसू शकतात, आणि एकाने गुडघे टेकले व दुसऱ्याने टेकले नाहीत एवढ्यावरून कोणी परके ठरू नये. बदलीवरच्या कुटुंबांना त्यांच्या मूळ मंडळीचे सभासदत्वाचे पत्र आणायला सांगितले की बहुतेक काम होते.

खरी कसोटी लागते ती शेवटच्या बाकावर येऊन बसणाऱ्या, गीताचे पान न सापडल्यामुळे पुस्तक बंदच ठेवणाऱ्या आणि उपासनेच्या शेवटी होणाऱ्या आशीर्वचनाआधी उठून जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत. हा माणूस ख्रिस्ती घरात जन्मलेला नसतो. कोणी आजारपणात केलेल्या प्रार्थनेमुळे येतो, कोणी शेजारणीबरोबर येते, कोणी नुसताच येतो. नोकरीनिमित्त या शहरात आले तेव्हा मीही अशीच येत होते, कारण आमच्या घरात चर्चमध्ये पाऊल ठेवणारी मी पहिलीच होते.

आता ज्या सापळ्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, तो दारातच लावलेला असतो आणि लावणाऱ्यांना तो सापळा वाटत नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही कुठले?’ आणि दुसरा, ‘कुणाचे?’ नगर, राहुरी, वडाळा, जालना, मिरज, कोडोली, यांपैकी एखादे नाव निघाले की तिसऱ्या वाक्याला नाते सापडते, कोणाची तरी मावशी कोणाच्या तरी मिशन शाळेत शिकवत होती असे निघते आणि चेहरे उजळतात. यात वाईट काहीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या पांगलेल्या एका लहान समाजाने एकमेकांना शोधण्याची ही रीत जपली, आणि तिच्यामुळे अनेकांना परगावी पहिल्याच दिवशी जेवण मिळाले आहे.

परंतु ज्याला असे नाते सांगता येत नाही त्याच्या बाजूने हेच दोन प्रश्न ऐकून पाहा. ‘कुठले?’ या प्रश्नाला त्याने गावाचे नाव सांगितले तर ‘तिथे कोणती मंडळी?’ असा पुढचा प्रश्न येतो, आणि तेथे मंडळीच नसते. मग आडनाव विचारले जाते. महाराष्ट्रात आडनाव विचारले की जात विचारली गेली असे ऐकणाऱ्याला वाटते, विचारणाऱ्याच्या मनात तसे असो वा नसो. ज्या जागी जात विचारली जाणार नाही या आशेने माणूस आला, त्याच जागेच्या पायरीवर त्याला ती आठवून दिली जाते. मला हे प्रश्न विचारणाऱ्या आजीबाई अतिशय प्रेमळ होत्या, आणि तरीही त्यानंतर बराच काळ मी आशीर्वचनाची वाट न पाहता बाहेर पडत असे. पुढे हे काम अंगावर आल्यावर तोच प्रश्न माझ्याही जिभेवर येऊ लागला, कारण शांतता भरून काढण्याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे. म्हणून सांगते, हा प्रश्न गिळायला मुद्दाम शिकावे लागते.

याच सापळ्याचा दुसरा भाग म्हणजे दारातली नोंदवही. नाव, आडनाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख असे रकाने आखून ती पहिल्याच रविवारी समोर केली जाते, आणि त्यात स्वागतापेक्षा चौकशीच अधिक दिसते. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांना मिळतो. त्यात शिखांचा समावेश 1956 साली आणि बौद्धांचा 1990 साली झाला, ख्रिस्ती व्यक्तीला तो मिळत नाही. म्हणजे आपल्यासाठी जी साधी नोंद आहे, ती एखाद्या मुलीसाठी शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा किंवा भावाच्या नोकरीचा प्रश्न असू शकते. ‘या लोकांना साक्ष द्यायचे धैर्य नाही’, म्हणजे आपला विश्वास उघडपणे सांगायचे धैर्य नाही, असे आपल्यातील काही ज्येष्ठ सहज म्हणून जातात. माझे मत स्पष्ट आहे की ज्यांच्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला त्यांनी दुसऱ्याच्या धैर्याचे मोजमाप करू नये. त्याच वेळी, प्रमाणपत्रावर काय लिहावे किंवा काय लपवावे याचा सल्ला तुम्ही चुकूनही देऊ नका. तो विषय पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि ती व्यक्ती यांच्यातला आहे, आणि कायद्याचा भाग वकिलाकडे न्यायचा आहे.

नोंदवहीचा आग्रह धरणाऱ्यांसमोर मी दोन गोष्टी ठेवते. एक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा समुदाय सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ज्यांची भजने आपण दर रविवारी गातो, त्यांनी नाव नोंदवण्याआधी माणसाला आत घेतले होते. दुसरी गोष्ट आपल्या इतिहासातली आहे. 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांत मिशनने असंख्य अनाथ मुले सांभाळली, आणि मराठी ख्रिस्ती घराण्यांतील कित्येकांचा इतिहास त्या मुलांपासूनच सुरू होतो. त्या मुलांना ‘कुणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर देता आले नसते.

मग करावे काय? फार थोडे करावे. नमस्कार करावा, स्वतःचे नाव सांगावे आणि समोरच्याने सांगितले तेवढेच नाव ऐकून घ्यावे. ‘जय ख्रिस्त’ म्हणण्याची घाई करू नये, कारण त्याला काय उत्तर द्यावे हे नवख्याला कळत नाही. जागा दाखवून परत दारात येऊन उभे राहण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसावे, गीताचे पान उघडून पुस्तक दोघांच्या मध्ये धरावे आणि अर्पणाची थैली येण्यापूर्वी, काही टाकलेच पाहिजे असे नाही, हे हळूच सांगून ठेवावे. प्रभुभोजनाचा, म्हणजे सभासदांनी पुढे जाऊन भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, रविवार असेल तर अधिक जपावे. सगळा बाक उठून पुढे गेला आणि एकटाच बसून राहिला असे झाले की माणूस पुन्हा येत नाही. म्हणून ‘मीही थोडा वेळ येथेच बसणार आहे’ असे सांगून त्या वेळी सोबत राहावे आणि स्वतः शेवटच्या रांगेबरोबर पुढे जावे. नवीन पाहुण्यांना उभे करून टाळ्या वाजवण्याची पद्धत तुमच्या मंडळीत असेल, तर ती बंद करण्यासाठी समितीत भांडण झाले तरी चालेल.

आशीर्वचनानंतरची दहा मिनिटे उपदेशाइतकीच महत्त्वाची असतात. त्या वेळी घराणी घराण्यांशी बोलतात, तरुण संघाची मुले दुचाकींजवळ जमतात, महिला संघाच्या बायका वर्गणीचा हिशेब करतात आणि नवीन माणूस चप्पल शोधत उभा राहतो. दारातल्या उत्साहापेक्षा येथे एक माणूस मोकळा ठेवणे अधिक उपयोगी पडते.

छायाचित्राविषयी मी कठोरपणे सांगते. नाताळाच्या कार्यक्रमात किंवा हंगामाच्या सणात अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावात काढलेले छायाचित्र कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकते, ते नात्यागोत्यांतून फिरत नवख्याच्या घरी पोहोचते आणि त्याला घरी किंवा गल्लीत जाब द्यावा लागतो. विचारल्याशिवाय छायाचित्र नाही, आणि विचारल्यावर तो गप्प राहिला तर ते ‘नाही’ समजावे. मंडळीच्या समूहात कोणाचाही क्रमांक परस्पर जोडू नये. हे नियम मोडणारा समितीचा पदाधिकारी असला तरी त्याला सांगावे लागते, आणि सांगताना हात थरथरले तरी सांगावे.

सुवार्ताकार्य म्हणजे पटांगणात मंडप, मोठे ध्वनिक्षेपक आणि बाहेरून आलेला वक्ता अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. मला या सभांविषयी फारशी आस्था नाही. तीन दिवस गर्दी होते, फलक लागतात, अहवालात आकडे जातात आणि चौथ्या दिवशी मंडळीच्या बाकावर तीच माणसे असतात. त्यापेक्षा शासकीय रुग्णालयाच्या आवारात रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना भेटणे, परगावच्या रुग्णाला डबा पोहोचवणे, नर्सिंगच्या मुलींना रविवारी घरचे जेवण देणे ही कामे सावकाश पण खोल जातात. पाळीवर काम करणाऱ्या परिचारिकेला सकाळची उपासना जमत नाही, तिच्यासाठी संध्याकाळची छोटी प्रार्थना ठेवता येते का, ते पाहावे.

वेळेचा विचार सोलापूरच्याच हिशेबाने करावा. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पाणी सुटण्याची वेळ रविवारी सकाळची आली की बायका येत नाहीत, आणि त्यांची भक्ती कमी झाली असा निष्कर्ष काढणाऱ्याने एकदा घागरी भरून पाहाव्यात. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उपासना लवकर घ्यावी. विडी कामगारांची आणि यंत्रमागावरच्या कामगारांची बरीच कुटुंबे आता कुंभारीकडे, गोदूताई परुळेकर वसाहतीत आणि रायनगरात राहतात. जानेवारी 2024 मध्ये रायनगरातील 15,000 घरे सुपूर्त झाली. तेथून रिक्षाचे भाडे देऊन सगळे कुटुंब रविवारी शहरात येईल अशी अपेक्षा करण्यापेक्षा तेथेच एखाद्या घरी आठवड्यातून एकदा प्रार्थना ठेवणे व्यवहार्य ठरते. मागच्या कपाटात तेलुगू आणि कन्नड पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) काही प्रती ठेवाव्यात आणि एखादे वाचन त्या भाषेत व्हावे. घरची भाषा चर्चमध्ये ऐकली की माणूस मान वर करून पाहतो.

मदत आणि उपासना यांची गाठ मात्र कधीही घालू नये. धान्य, शाळेची फी, औषधे द्यायची असतील तर ती समितीच्या ठरावाने, पावतीसह आणि चर्चला येणाऱ्या-न येणाऱ्या दोघांनाही द्यावीत. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, पण 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस प्रकरणात स्पष्ट केले की या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, तांदळाच्या पिशवीमुळे आलेला माणूस पिशवी संपली की ओशाळून येणे थांबवतो, आणि पुढे आपल्याला रस्त्यात टाळतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी; बरे होण्याचे वचन देऊ नये, आणि औषध बंद करण्याचा सल्ला देणाऱ्या उत्साही भावाला त्याच क्षणी थांबवावे. घरभेटीला दोघांनी जावे. घरात लहान मूल एकटेच असेल तर दारातून परत यावे.

शिकायचे कोणाकडून, असे मला अनेक जण विचारतात. पडद्यावर तक्ते दाखवणारी दिवसभराची शिबिरे मी पुष्कळ केली आणि जेवण चांगले असे, एवढेच आज आठवते. तुमच्या मंडळीत एखाद्या निवृत्त बालवाडीच्या बाई असतील तर त्यांच्यामागे काही रविवार नुसते उभे राहा. नवीन मूल वर्गात आल्यावर त्याला नाव न विचारता हातात खडू देण्याची सवय त्यांना आयुष्यभराची असते. पाळकांवर मात्र सगळा भार टाकू नका. त्यांची बदली होते आणि त्यांच्या ओळखीने आलेली माणसे त्यांच्याबरोबरच दिसेनाशी होतात. म्हणून प्रत्येक नवख्याची पाळकांव्यतिरिक्त किमान दोन घरांशी ओळख व्हावी, हे तुमचे काम आहे.

कोणी येणे थांबवले तर एक फोन करावा, शक्य असल्यास एकदा भेटावे आणि मग थांबावे. परत आल्यास ‘इतके दिवस कुठे होतात?’ असे कोणालाही विचारू देऊ नये. मागे नोंदवहीला मी नकार दिला असला तरी स्वतःपुरती एक वही ठेवावी, तिच्यात फक्त पहिले नाव आणि पुढच्या वेळी काय लक्षात ठेवायचे ते लिहावे : गुडघे दुखतात, पुढच्या बाकावर नको, मुलीची परीक्षा आहे, मराठी वाचता येत नाही. मुदत संपल्यावर ही वही समितीच्या कपाटात जमा करू नये. पुढच्या व्यक्तीबरोबर काही रविवार शेवटच्या बाकावर बसून एकेकाची ओळख प्रत्यक्ष करून द्यावी आणि वही फाडून टाकावी.