शृंगारिक कादंबऱ्यांतली आपली आवड कशी ओळखावी

‘जरा गरमागरम काहीतरी सुचव गो’ असं मैत्रिणीला सांगितलं, की ती स्वतःला आवडलेलं पुस्तक हातात ठेवते आणि साठाव्या पानावर तुम्ही ते मिटता. दोष तिचा नाही. आच किती, हा प्रश्न नंतरचा. ती कुठून लागते, यावर आवड ठरते. ते शोधायला एक वही, पेन्सिल आणि आधीच वाचलेली पाच पुस्तकं पुरतात.

पुस्तकं अशी निवडा: दोन पुन्हा वाचलेली, दोन अर्ध्यावर टाकलेली आणि एक ‘बरं होतं’ म्हणून कपाटात गेलं ते कायमचंच. हे पाचवं सर्वांत कामाचं. त्यात चूक काहीच नसते, तरी ओढही नसते. म्हणजे तुम्हाला नेमकं काय लागतं, ते त्यात नसतं.

आधी प्रकार वेगळे करा. पुस्तकातले शय्येवरचे प्रसंग मनातल्या मनात गाळून बघा. गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली, तर ती साधी प्रेमकथा, वर थोडा मसाला. काहीच उरलं नाही, तर ती निव्वळ शृंगारकथा. गोष्ट उरते पण लंगडते, कारण नात्यातली वळणं त्या प्रसंगांतच येतात, तेव्हा ती शृंगारिक प्रेमकथा. इंग्रजी बाजारात या तिसऱ्या प्रकाराला सुखान्ताचं बंधन असतं: कायमची सोबत, निदान ‘सध्यापुरतं तरी सगळं छान’. दुसऱ्या प्रकाराला ते नसतं. पुष्कळ अपेक्षाभंग इथेच होतात. लेखिका वाईट नसते, पुस्तक वेगळ्या जातीचं असतं.

आता वहीत दर पुस्तकाला अर्धं पान द्या. अभिप्राय लिहू नका, पानांचे आकडे लिहा: कुठे वाचन मंदावलं, कुठे भराभर पानं उलटली, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलं. पुढचं प्रत्येक पुस्तक संपलं की त्याच दिवशी टिपण करा. चार दिवसांनी फक्त शेवट आठवतो, आणि गोड शेवट मधला कंटाळा झाकून टाकतो.

आकडे कसे वाचायचे? समजा, प्रसंग असा आहे: बेती-पणजी फेरीबोट, पाऊस तिरका आत येतोय. ती कठड्यापासून मागे सरते. तो छत्री उघडत नाही, नुसता वाऱ्याच्या बाजूला येऊन उभा राहतो. तिचं कोपर त्याच्या ओल्या बाहीला लागतं आणि ती ते काढून घेत नाही. बोट धक्क्याला लागेपर्यंत कोणी बोलत नाही. पान उलटलं की दोघं खोलीत.

फेरीचा परिच्छेद दोनदा वाचला असेल, तर तुम्हाला ताटकळणं आवडतं. पहिला स्पर्श शंभराव्या पानावर आला तरी चालेल. डोळे खोलीकडे धावले, तर तुम्हाला उघड लिहिलेलं हवं आणि तसं म्हणायला लाजायचं कारण नाही. ‘पण तिच्या मनात काय चाललंय?’ असं वाटलं, तर मुद्दा नजरेचा: निवेदन तिचं, त्याचं की आळीपाळीने दोघांचं. आणि ‘यांना अडवतंय तरी काय?’ असा वैताग आला, तर तुम्हाला ठोस अडसर लागतो: जुनं वैर, वारसाहक्काचं घर, पूर्वी मोडलेलं लग्न. दोन वाक्यांत मिटेल असा गैरसमज तीनशे पानं ताणला, की या वाचकाचं पुस्तक आपटलंच.

आचेला एक ते पाच गुण द्या. एक म्हणजे दार बंद झालं की प्रकरण संपलं. पाच म्हणजे सगळं नावानिशी, सविस्तर. दुसऱ्याचा चार तुमचा दोन असू शकतो, म्हणून उसने गुण घेऊ नका. त्या गुणांच्या बाजूला नायक-नायिकेमधला तोल लिहा: पैसा कोणाकडे, निर्णय कोणाचा, आणि ‘नको’ म्हटल्यावर समोरचा थांबतो का. ‘डार्क रोमान्स’ असा शिक्का असलेल्या पुस्तकांत ही रेघ मुद्दाम पुसट ठेवलेली असते. असली कथा वाचायला आवडणं म्हणजे आयुष्यात तसं हवं असणं नव्हे. पण झोप उडत असेल, तर तो शिक्का सरळ ‘नको’च्या यादीत टाका. पात्रं सज्ञान नसतील, तर पुस्तक तिथेच बंद.

भाषेचा घोळ गोव्यात जास्त. घरात कोंकणी, पेपर मराठी, कादंबरी बहुधा इंग्रजी. इंग्रजीत पाच आच सहज पचते, कारण ते शब्द आपल्याला घरचे वाटत नाहीत. तोच प्रसंग मराठीत तीनवरच चटका देतो. शिवाय मराठीत शरीराचे शब्द एक तर संस्कृत, आयुर्वेदाच्या पुस्तकातल्यासारखे, नाही तर शिवीतले. मधला घरगुती पट्टा अरुंद. म्हणून दोन भाषांचे गुण वेगळे ठेवा. मराठीची ताकद सूचकतेत आहे. फेरीवर थांबणाऱ्या वाचकाने हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ चाळावी: महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा, त्यातल्या कितीतरी बाईच्या तोंडच्या, आणि दोन ओळींत सगळं न सांगता सांगणाऱ्या. मग शृंगारिक लावण्या. पणजीतल्या पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय (स्थापना १८३२) अशा शोधाला बरी जागा.

विकत घेण्याआधी किंडलवरचा नमुना उतरवून घ्या. तो साधारण पहिल्या दहा टक्क्यांचा असतो. त्यात आच कळत नाही, कारण मोठे प्रसंग बहुतेकदा त्याच्या बरेच पुढे असतात. पण संवाद, नजर आणि पहिली भेट कळते, तेवढं बास. सुरुवातीला आशयाची सूचना, म्हणजे आत काय खुपू शकतं याचा इशारा असेल, तर ती वगळू नका. परीक्षणं वाचायची तर तीन ताऱ्यांची. पाच तारेवाले हुरळलेले असतात, एकवाले चिडलेले. तीनवाला ‘फारच हळू पेटतं’ म्हणून कुरकुरतो, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं असतं.

चुका ठरलेल्या आहेत. एकाच लेखिकेची सहा पुस्तकं ओळीने वाचली, की चौथ्यापासून कंटाळा येतो आणि तो आवड बदलल्यासारखा वाटतो; मध्ये दुसरं काही घाला. सलग तीन पुस्तकं पन्नास पानांत सुटली, तर आवड तपासण्याआधी थकवा तपासा. घरात किंडलचं एकच खातं सगळे वापरत असतील, तर शिफारशींत उघड्या छातीचे नायक सासूबाईंच्या टॅबवर झळकतात. वेगळं खातं काढा, नाही तर खरेदीच्या नोंदींत जाऊन ती पुस्तकं शिफारशींतून वगळा. छापील प्रतींना खाकी कव्हर घातलं तर जूनमध्ये ते काढून बघा, ओल कागदाखाली कोंडते आणि बुरशी धरते. पुस्तकं डब्यात ठेवत असाल, तर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात ठेवा, दर महिन्याला तपासा.

बारा पुस्तकांनंतर वहीतून एक वाक्य काढता येतं. उदाहरणार्थ: ‘हळू पेटणारी, दोघंही तिशीपुढची, दोघांची नजर, इंग्रजीत चार मराठीत दोन, शेवट गोड, साहेब-सेक्रेटरी नको.’ मैत्रिणीला हे वाक्य पाठवा, ‘नको’वाला भाग आधी लिहून.