टीसीईपी आणि क्लोरोअ‍ॅसिटामाइड एकदाच टाका, तासभर वाचतो

तूर-सोयाबीनच्या दाण्यातलं प्रोटीन मास स्पेकला (रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनला) पाठवायचं म्हणलं की आधी डीटीटी (प्रोटीनमधले सल्फरचे बंध तोडणारं) टाकून अर्धा-पाऊण तास गरम, मग आयोडोअ‍ॅसिटामाइड (तुटलेले बंध परत जुळू न देणारं) टाकून अर्धा तास अंधारात, अन् आपल्याकडं मराठवाड्यात तेवढ्यात लाईट जाती ते वेगळंच. त्यापेक्षा डीटीटीच्या जागी टीसीईपी अन् आयोडोअ‍ॅसिटामाइडच्या जागी क्लोरोअ‍ॅसिटामाइड घ्या, दोन्ही कामं एकदमच होतात:

१. १ टक्का एसडीसी (प्रोटीन विरघळवणारा डिटर्जंट), १०० मिलीमोलर ट्रिस, पीएच ८.५ चं बफर घ्या, त्यातच १० मिलीमोलर टीसीईपी अन् ४० मिलीमोलर क्लोरोअ‍ॅसिटामाइड टाका. टीसीईपीचा स्टॉक लई अ‍ॅसिडिक असतो, आधी न्यूट्रल करा, नाहीतर एसडीसी तिथंच फाटतंय.
२. ९५ अंशाला १० मिनिटं. अंधार-बिंधार काही नको.
३. गार झाल्यावर ट्रिप्सिन (प्रोटीनचे तुकडे करणारं एन्झाइम), रात्रभर ३७ ला. सकाळी १ टक्का टीएफए (अ‍ॅसिड), स्पिन, एसडीसी खाली बसतं, वरचं पाणी डीसॉल्टिंगला (क्षार काढायला).

बफरमध्ये युरिया असेल तर मात्र ९५ ला अजिबात नेऊ नका, कार्बामायलेशन (युरियातून बनलेलं सायनेट प्रोटीनला चिकटणं) होऊन डेटा बिघडतो.