पर्यटन आराखड्यात स्थानिकांना खरा सहभाग कसा द्यावा

आराखडा छापून झाल्यावर बोलावलेली बैठक म्हणजे नुसती सह्या गोळा करण्याची सोय. जागा, पाणी, रस्ता ठरण्याआधीच लोकांना बोलवा. हॉटेलमालकांइतकेच फेरीवाले, नावाडी, गुराखी यादीत हवेत; ज्यांची वाट किंवा पाणवठा जाणार, ते सर्वांत आधी. मसुदा स्थानिक बोलीत, नकाशासह, किमान १५ दिवस आधी द्या. बुडालेली मजुरी भरून द्या, नाहीतर सवड असलेलेच येतात. बायकांची बैठक वेगळी घ्या. प्रत्येक हरकतीपुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य, कारण अमुक’ लिहून यादी सर्वांना दिसेल अशी लावा. हे टाळलं की पुढच्या बैठकीला कुणी फिरकत नाही.

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांच्या १९६९ च्या लोकसहभागाच्या ८ पायऱ्यांच्या शिडीत (जितकी वरची पायरी, तितका लोकांच्या हाती जास्त अधिकार) सल्लामसलत चौथ्या पायरीवर येते, भागीदारी सहाव्या. म्हणून समितीत स्थानिकांना मताचा आणि निधीवर सहीचा अधिकार द्या.