उबवणी यंत्राचा आकडा नाचतोय? सेन्सर ते एडीसी हा रस्ता असा सुधारा

कोंबडीची अंडी उबवताना तापमान ३७.५ अंशांच्या आसपास टिकवावं लागतं. घरी केलेल्या यंत्रात एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड जोडला की आकडा अनेकदा अंश-दोन अंश नाचतो. सेन्सर बदलण्याआधी त्याच्यापासून बोर्डाच्या ए० पिनपर्यंतचा, म्हणजे सिग्नल जिथे आत जातो तिथपर्यंतचा, रस्ता तपासा.

सुरुवात संदर्भ व्होल्टेजपासून, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून बोर्ड सेन्सरचं व्होल्टेज मोजतो त्यापासून. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. व्होल्टेजचा आकडा करणारा उनोचा भाग, एडीसी, १० बिटांचा, म्हणजे संदर्भाच्या ५ व्होल्टचे १०२४ भाग. एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची. त्यातून यूएसबीचे ५ व्होल्ट ४.७५ वर उतरले, तर ३७.५ चे ३९.५ अंश दिसतात. यंत्र ऊब देणारा बल्ब लवकर बंद करतं आणि अंडी दोन अंशांनी गार राहतात. म्हणून प्रोग्राममध्ये अंतर्गत १.१ व्होल्टचा संदर्भ निवडा. पायरी ०.१ अंशावर येते. चिपगणिक हा संदर्भ १.० ते १.२ व्होल्ट असू शकतो, तेव्हा बोर्डाच्या एरेफ या संदर्भाच्या पिनवर मल्टिमीटरने मोजून तोच आकडा गणितात घाला.

आता ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची परतीची वाट. माझ्या मते खरी मेहनत इथेच घ्यावी. रिले (बल्ब चालू-बंद करणारा स्विच) आणि सेन्सर यांची परतीची वायर एकच असेल, तर ०.१ ओहमच्या वायरीत १०० मिलिअँपिअरमुळे १० मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे सरळ एक अंशाची चूक. सेन्सरची ग्राउंड वायर वेगळी ओढून थेट बोर्डाच्या पिनला जोडा. मग बल्बचा प्लग काढा, एलएम३५ काढून त्या टोकाला सिग्नलची वायर ग्राउंडला जोडा आणि रिले चालू-बंद करा. रिलेच्या टिकटिकीबरोबर आकडा शून्यावरून हलला, तर ग्राउंड अजून कुठेतरी सामाईक आहे.

हे झाल्यावरच सिग्नलमधली गुणगुण गाळणारा फिल्टर. एलएम३५च्या आउटपुटला थेट कपॅसिटर लावू नका. तो भार त्याला झेपत नाही, आउटपुट डोलू लागतं. सेन्सरच्या पायाशीच २ किलोओमचा रेझिस्टर घाला आणि ए० पिनजवळ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याचं ऋण टोक ग्राउंडला. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण सहापट घटते. एडीसीला स्रोताचा रोध १० किलोओमच्या आत लागतो, तोही सांभाळला जातो.

उरलेल्या गुणगुणीसाठी एकेक मिलिसेकंदाने २० वाचनं घेऊन सरासरी काढा. २० मिलिसेकंदांत विजेचं एक आवर्तन पूर्ण होतं. सरासरी आधीच घेतली असती, तर ग्राउंडची चूक तशीच राहून आकडा फक्त स्थिर दिसला असता.