रस्ता रुंद केला, तरी कोंडी तिथेच? या चुका टाळा

कोंडी वाढली की सोसायटीच्या बैठकीपासून महापालिकेच्या सभेपर्यंत मागणी ठरलेली: रस्ता रुंद करा, नाहीतर उड्डाणपूल बांधा. पुण्यात दोन्ही भरपूर करून झालं. गणेशखिंड रस्त्यावरचे विद्यापीठ चौक आणि ई-स्क्वेअरजवळचे पूल २०२० मध्ये पाडावे लागले, कारण मेट्रो येणार म्हटल्यावर त्या पुलांमुळे तिला जागाच उरत नव्हती. सार्वजनिक वाहतुकीचा आराखडा पक्का होण्याआधी पूल उभा करणं ही सगळ्यांत महागडी चूक.

त्याहून जास्त वेळा होणारी चूक म्हणजे चौकाकडे दुर्लक्ष. शहरातला रस्ता किती वाहनं पुढे नेणार हे चौकात ठरतं. दोन चौकांमधला पट्टा सहापदरी केला आणि पुढचा सिग्नल तेवढाच वेळ हिरवा राहिला, तर फक्त रांग रुंद होते. म्हणून रुंदीकरण मागण्याआधी संध्याकाळी चौकात तासभर उभं राहून बघा. बसथांबा कोपऱ्याला खेटून असतो. थांब्यावर रिक्षा लागलेल्या असतात, त्यामुळे बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते, प्रवासी भर रस्त्यात चढतात-उतरतात आणि डावीकडे वळणारे सगळे तिच्यामागे अडकतात. सिग्नल हिरवा असूनही मागची वाहनं जागची हलत नाहीत. अशा ठिकाणी थांबा चौक ओलांडल्यावर थोडा पुढे न्यावा, कोपऱ्याजवळचं पार्किंग पूर्ण बंद करावं आणि रिक्षांना वेगळी जागा आखून द्यावी. पुलाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे, तरी याची मागणी कुणी करत नाही याचं वाईट वाटतं.

रांग लांब दिसली की सिग्नलचा वेळ वाढवून मागतात. तेही टाळा. एका बाजूला जास्त वेळ दिला की उरलेल्या बाजूंच्या रांगा मागच्या चौकापर्यंत पोचतात आणि तोही तुंबतो. शिवाय दोन-तीन मिनिटं उन्हात कुणी पादचारी थांबत नाही. तो मधूनच रस्ता ओलांडतो आणि त्यात त्याचा दोष नाही.

बीआरटीचं, म्हणजे राखीव लेनमधून धावणाऱ्या जलद बससेवेचं, उदाहरण तर मनाला लागतं. कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर २००६ मध्ये सुरुवात झाली, देशातल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक. पण राखीव लेन सलग राहिलीच नाही. नेमकी जिथे बसला सुटका हवी, त्या चौकांमध्ये ती इतर वाहनांत मिसळायची. खाजगी गाड्यांच्या एका लेनमधून तासाला साधारण हजार-दीड हजार माणसं जातात. राखीव बसलेनमधून चार हजारांच्या पुढे जाऊ शकतात. अर्धवट लेनमध्ये हा फायदा मिळत नाही, आणि मग लोक म्हणतात, बीआरटीच चुकीची.

फुटपाथ कापून लेन वाढवू नका. चालता येत नाही म्हणून माणूस एक किलोमीटरसाठी स्कूटर काढतो. जंगली महाराज रस्त्यावर रुंद, सलग पदपथ केल्यावर तिथे आजी-आजोबाही निवांत चालताना दिसतात. रस्त्यावर गाडी लावायला पैसे आकारण्याचं पार्किंग धोरण महापालिकेने २०१८ मध्ये मंजूर केलं, पण अंमलबजावणी रखडली. रस्त्याची जागा फुकट मिळते तोवर ती गाड्यांनी भरणारच.

शेवटची चूक नव्या उपनगरांत रोज होते आहे. मोठमोठ्या गृहसंकुलांना चारी बाजूंनी भिंती आणि बाहेर पडायला एकच फाटक. शेजारच्या गल्लीतल्या शाळेत जायलाही गाडी मुख्य रस्त्यावर आणावी लागते. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा आपल्या भागातले जोडरस्ते, म्हणजे मिसिंग लिंक, नकाशावर बोट ठेवून तपासा आणि तुटलेल्या तुकड्याचा सर्व्हे नंबर टाकून लेखी हरकत द्या. इमारती उभ्या राहिल्यावर तेवढ्याशा तुकड्याच्या भूसंपादनात वर्षं जातात.